हिरकणीचा कडा आणि न बांधलेला बुरूज

रायगडाच्या पश्चिम टोकावरील हिरकणी बुरुजाची परंपरेने चालत आलेली कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरात ठाऊक आहे. दूध घालण्यासाठी गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताबरोबर बंद झालेले दरवाजे, पायथ्याच्या घरात एकटे राहिलेले तान्हे मूल आणि काळोखात उतरलेला तो भयंकर कडा. या कथेतील मातृप्रेमाची थोरवी सर्वजण सांगतात. परंतु तिच्या उत्तरार्धाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. शिवछत्रपतींनी त्या माउलीवर नियमभंगाचा आरोप ठेवला नाही. ‘आमचा कडा अभेद्यच आहे’ असे म्हणून प्रश्न टाळला नाही. जिथून एक आई खाली उतरू शकते तिथून शत्रू वर चढू शकतो, एवढे ओळखून त्यांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधून घेतला. दोष दाखवणाऱ्याचा आदर, दोषाची प्रांजळ कबुली आणि विनाविलंब दुरुस्ती. दुर्गरक्षणाचे अवघे शास्त्र या तीन गोष्टींत सामावले आहे.

आजचे गड दगडाचे नाहीत. समाजाची ठेव, ओळख, आरोग्याची नोंद, जमिनीचा उतारा, मुलांचे गुण हे सारे आता सर्व्हर नावाच्या संगणकांत साठवलेले आहे. या गडांनाही कडे आहेत आणि त्या कड्यांवर वाटा सापडतात. वाट सापडणे हा गुन्हा नव्हे. माणसाने लिहिलेल्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये चूक राहणारच. गुन्हा आहे तो वाट सापडल्याचे कळल्यावर, बुरुजाचे दगड दारात विनामूल्य आणून ठेवल्यावरही बुरूज न बांधण्याचा. गेल्या दोन दशकांतील अनेक मोठ्या संगणकीय आपत्ती या वर्गातील आहेत. त्यांना ‘सायबर हल्ला’ असे भारदस्त नाव देऊन जबाबदार मंडळी सहानुभूती मिळवतात. वस्तुतः तो हल्ल्याचा विजय नसतो, पहारेकऱ्याच्या झोपेचा असतो.

शहात्तर दिवस उघडे दार

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. इक्विफॅक्स ही तेथील पतमाहिती गोळा करणारी प्रचंड कंपनी. कोणी किती कर्ज घेतले, हप्ते वेळेवर फेडले की नाही, याची नोंद ती ठेवते. ज्यांची नोंद ठेवली जाते त्यांनी तिची निवड केलेली नसते. बँका त्यांची माहिती परस्पर पुरवतात. म्हणजेच कोट्यवधी लोकांचे गुपित त्यांच्या संमतीशिवाय एका तिऱ्हाइताच्या तिजोरीत. अशा तिजोरीच्या राखणदारावर किती मोठे दायित्व असावे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

पतनोंदीबद्दल नागरिकांच्या तक्रारी स्वीकारणाऱ्या या कंपनीच्या यंत्रणेत ‘अपाची स्ट्रट्स’ हे सॉफ्टवेअर वापरलेले होते. संकेतस्थळामागे राहून, लोकांनी भरलेले अर्ज स्वीकारून पुढे पोहोचवणे हे त्याचे काम. मार्च २०१७ मध्ये त्यात एक भीषण दोष उघडकीला आला. संगणक जेव्हा सर्व्हरकडे काही पाठवतो, तेव्हा ‘आत कोणत्या प्रकारची सामग्री आहे’ हे सांगणारी एक ओळ पाकिटावरील पत्त्याप्रमाणे सोबत जाते. त्या ओळीत कोणी मुद्दाम वेडेवाकडे काही लिहिले, तर चुकीचा संदेश सिद्ध करण्याच्या नादात स्ट्रट्स ती ओळ केवळ वाचत नसे, तर आज्ञा म्हणून पाळत असे. पोस्टमनने पाकिटावर ‘घरातील कपाट उघडा’ असे लिहावे आणि घरच्या नोकराने ते मुकाट्याने उघडावे, तसाच हा प्रकार! त्यासाठी ना परवलीचा शब्द लागत होता, ना आतल्या माणसाची फितुरी. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून हे करता येत होते. अशा दोषांची तीव्रता मोजण्याच्या दहापैकी गुणांच्या मापनात याला दहाच्या दहा गुण मिळाले.

आता घटनाक्रम पाहावा. ७ मार्च २०१७ रोजी दोष जाहीर झाला आणि त्याची दुरुस्ती, म्हणजे पॅच, विनामूल्य उपलब्ध झाला. ८ मार्चला अमेरिकेच्या शासकीय संगणक-सुरक्षा यंत्रणेने इक्विफॅक्सला सावध केले. ९ मार्चला कंपनीने आपल्या ४०० हून अधिक कर्मचाऱ्यांना अंतर्गत ईमेल पाठवला; अठ्ठेचाळीस तासांत पॅच लावा, असा आदेश त्यात होता. १५ मार्चला सदोष सॉफ्टवेअर कुठे आहे हे शोधण्यासाठी चाळणी लावण्यात आली; तिला काहीही सापडले नाही. तेवढ्यावर सारे निर्धास्त झाले. १३ मे रोजी चोर आत शिरले आणि ७६ दिवस आत वावरले. त्यांनी ४८ माहितीसाठ्यांपर्यंत मजल मारली आणि सुमारे ९,००० वेळा त्यांची झडती घेतली.

या काळात पहारा कुठे होता? जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीची तपासणी करणारे उपकरण कंपनीपाशी होते. परंतु त्याला लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपून १९ महिने उलटले होते आणि तोवर ते उपकरण त्या मार्गावर आंधळे होऊन बसले होते. २९ जुलै रोजी प्रमाणपत्राचे नूतनीकरण होताच संशयास्पद हालचाल तत्काळ दिसली! तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावे, जन्मतारखा, पत्ते आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक गेले होते. परवलीचा शब्द बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही. ही हानी त्या माणसांना जन्मभर पुरणारी आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी

यानंतर जे घडले ते चोरीहून अधिक उद्बोधक आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रकरण जाहीर झाले, त्याच महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकारी रिचर्ड स्मिथ पायउतार झाले आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. पॅच का लागला नाही, या प्रश्नावर त्यांनी एका व्यक्तीने योग्य त्या माणसांपर्यंत निरोप न पोहोचवल्याचे कारण पुढे केले. साक्षीच्या आदल्याच दिवशी कंपनीने एका अधिकाऱ्याला बडतर्फ केले होते. त्याचा अपराध कोणता? चारशेहून अधिक लोकांना गेलेला तो ईमेल त्याने पुढे पाठवला नाही!

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार कोणत्याही विचारी माणसाला अस्वस्थ करील. चारशे जणांना एकच पत्र पाठवणे म्हणजे कोणालाही न पाठवणे होय. गावच्या सामायिक विहिरीचा कठडा ढासळला तर तो ‘सर्वांनी’ दुरुस्त करायचा असतो, म्हणून तो कोणीच दुरुस्त करीत नाही आणि शेवटी एखादे लेकरू आत पडते. ती तक्रारयंत्रणा मुळात १९७० च्या दशकातील होती. तिच्या पोटात कोणते सॉफ्टवेअर कुठे वापरले आहे याची संपूर्ण यादी कंपनीपाशी नव्हती. आदेश निघाल्यावर तो अमलात आला की नाही, हे स्वतंत्रपणे पडताळणारा माणूस नव्हता. या गोष्टी एका कर्मचाऱ्याच्या विसराळूपणाच्या नाहीत. त्या संस्थेच्या शीर्षस्थानी बसलेल्यांच्या प्राधान्यक्रमाच्या आहेत. प्रतिनिधिगृहाच्या समितीने डिसेंबर २०१८ मधील अहवालात ही घटना पूर्णपणे टाळता येण्याजोगी होती, असा निष्कर्ष काढला. २०१९ मध्ये ७० कोटी डॉलरपर्यंतच्या तडजोडीला कंपनी तयार झाली. तक्रारयंत्रणेचा पॅच विनामूल्य होता, ही गोष्ट या आकड्याशेजारी ठेवून पाहावी.

‘परकी शक्ती’ची ढाल

अशा वेळी दुसरी पळवाट हमखास पुढे येते: ‘हल्लेखोर सामान्य नव्हते, त्यांच्यामागे बलाढ्य परकी सत्ता होती, तिथे आमचे काय चालणार?’ फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेने या चोरीप्रकरणी चीनच्या लष्करातील चौघांवर आरोपपत्र ठेवले, हे खरेच आहे. परंतु त्यामुळे इक्विफॅक्सचा दोष कमी होतो की वाढतो? शत्रू बलाढ्य आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दार अधिक घट्ट लावावयास हवे. आणि या प्रकरणात त्या बलाढ्य शत्रूने वापरले काय? जगजाहीर झालेली, दोन महिन्यांपूर्वी दुरुस्ती उपलब्ध असलेली एक फट. तिथून शिरण्यास लष्कराची आवश्यकता नव्हती.

राष्ट्राच्या सुरक्षेबद्दल पोटतिडकीने बोलणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सीमेवरील सैनिक प्राण पणाला लावून जी भूमी राखतो, तिच्या आतील नागरिकांची माहिती एखाद्या वातानुकूलित कार्यालयातील आळसामुळे परक्यांच्या हाती पडत असेल, तर शत्रूला दूषणे देऊन भागणार नाही. शत्रूने शत्रुत्व करावे यात आश्चर्य कसले? आश्चर्य आहे ते रक्षकाने रक्षण न केल्याचे.

‘चालू गाडा कसा थांबवायचा?’

तिसरी सबब अधिक सभ्य वाटते. ‘सर्व्हर अहोरात्र चालू असतो, पॅच लावण्यासाठी तो थांबवावा लागतो, लोकांची गैरसोय होते.’ ही गैरसोय मोजताना पॅच न लावल्यास होणारी गैरसोय मात्र मोजली जात नाही.

२५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा अवघ्या ३७६ बाइटचा एक कृमी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील फटीतून जगभर पसरला. जे संगणक असुरक्षित होते त्यांपैकी सुमारे ९० टक्के संगणक पहिल्या दहा मिनिटांत बाधित झाले. बँक ऑफ अमेरिकाची एटीएम यंत्रे ठप्प झाली. ओहायोतील डेव्हिस-बेसी अणुप्रकल्पात सुरक्षाविषयक मापे दाखवणारी यंत्रणा काही तास बंद पडली. प्रकल्प त्या वेळी उत्पादनात नव्हता म्हणून बरे. या दोषाचा पॅच जुलै २००२ मध्ये, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच निघाला होता. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या जाळ्यातील काही सर्व्हरही त्यातून सुटले नाहीत! ज्याने औषध बनवले त्यानेच ते घेतले नव्हते.

चौदा वर्षांनी जग शहाणे झाले असेल, असे वाटावे. परंतु १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल-वाटप सेवेतील दोषाचा पॅच प्रसिद्ध केला. एप्रिलमध्ये त्या दोषाचा गैरफायदा घेणारे हत्यार जगजाहीर झाले. आणि १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने दीडशेहून अधिक देशांतील संगणक ओलीस धरले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील २३६ पैकी ८१ रुग्णालय-संस्थांना झळ बसली, सुमारे १९,००० भेटी आणि उपचार रद्द झाल्याचा अंदाज तेथील महालेखापरीक्षकांच्या कार्यालयाने वर्तवला. सर्व्हर अर्धा तास थांबवणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांना शस्त्रक्रिया थांबवणे परवडले काय? त्या सेवेला मार्च आणि एप्रिलमध्ये दोनदा सावध करण्यात आले होते. बाधित संस्थांतील विंडोज एक तर पॅचविना होते, किंवा मुदत संपलेले होते.

पॅचनेच घात केला तर?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. पॅच हे अमृत नव्हे. कधी कधी दुरुस्तीच बिघाड घडवते. १९ जुलै २०२४ रोजी एका अमेरिकी कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्याआधी जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ हा विध्वंसक प्रकार युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणाच्या मार्गानेच शिरला होता. मग तंत्रज्ञाने भीत भीत हात आखडता घेतला तर त्याचे काय चुकले?

त्याची भीती खोटी नाही. तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. विषबाधेची एक बातमी वाचून कोणी आयुष्यभर उपाशी राहत नाही. तो अन्न पारखून घेऊ लागतो. २०२४ च्या घटनेत ते अद्ययावतीकरण टप्प्याटप्प्याने न देता एकाच वेळी सर्वत्र पाठवले गेले, हा खरा दोष होता. शिकवण अशी की पॅच प्रथम प्रतिरूप यंत्रणेवर लावून पाहावा, मग मोजक्या सर्व्हरवर, मग सर्वत्र. जुनी स्थिती परत आणण्याची सोय हाताशी असावी. आणि माहितीची प्रत जाळ्यापासून तोडून स्वतंत्र ठेवावी. चाचणीला दोन दिवस लागतात, क्वचित आठवडा लागतो. ‘चाचणी चालू आहे’ असे सांगत सहा महिने काढणे ही सावधगिरी नसून टाळाटाळ आहे. आणि पॅच लावणे तत्काळ शक्यच नसेल, तर ती सेवा इंटरनेटपासून तोडून ठेवणे हा मार्ग मोकळा असतोच. बुरूज पुरा होईपर्यंत कड्यावर चौकी बसवता येते.

नॉटपेट्याचा धडा याहून पुढचा आहे. आत शिरल्यावर तो मार्चमध्ये दुरुस्त झालेल्या त्याच फटीतून आणि चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या साहाय्याने पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाजकंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. त्या आगीची धग रायगड जिल्ह्यातही पोहोचली. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. युक्रेनमधील हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि उरणच्या रस्त्यावर कंटेनर घेऊन उभा असलेला ट्रकचालक यांचे नाते कोणाच्या स्वप्नातही आले नसते. ते जाळ्याने जोडले.

फुकटचे म्हणून बेवारस?

आणखी एक युक्तिवाद मोठ्या कंपन्यांच्या वर्तुळात ऐकू येतो: ‘हे सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनी बनवलेले, मुक्त स्वरूपाचे, त्यात दोष निघाला तर आम्ही काय करणार?’ डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या साधनातील दोषाने जग हादरले. सर्व्हरवर काय घडले याची रोजनिशी लिहिणे एवढेच त्याचे काम; पण विशिष्ट मजकूर नोंदवला गेला की बाहेरची आज्ञावली खेचून आणून ती चालवण्याचा अनर्थ त्यातून होई. याही दोषाला दहापैकी दहा गुण मिळाले. या साधनाची निगा मूठभर स्वयंसेवक राखत होते. बातमी फुटताच त्यांनी दिवसरात्र एक करून दुरुस्ती दिली. पहिली अपुरी ठरली म्हणून दुसरी दिली, मग तिसरी. सारे दोन आठवड्यांच्या आत. त्यांच्या श्रमावर ज्यांनी अब्जावधींचे व्यवसाय उभारले होते, त्यांपैकी अनेकांना मात्र आपल्या यंत्रणेत हे साधन कुठे कुठे आहे याचाच पत्ता नव्हता.

सेवाभावाचे मोल ज्या समाजाला कळते त्याला यातील विसंगती समजावून सांगण्याची गरज नाही. धर्मशाळा कोणी विनामूल्य बांधून दिली म्हणून तिथे उतरणाऱ्याने दाराला कडी न लावण्याचा अधिकार मिळत नाही. विनामूल्य मिळालेल्या वस्तूची किंमत द्यावी लागत नाही, निगा मात्र घ्यावीच लागते. गृहिणी लोणच्याच्या बाटलीवरील घटकांची यादी वाचून ती विकत घेते; तशीच घटकांची यादी प्रत्येक संस्थेने आपल्या सॉफ्टवेअरची ठेवली पाहिजे. यादी असेल तर दोषाची बातमी आल्याबरोबर तासाभरात कळते की आपल्या घरात हा पदार्थ आहे की नाही. यादी नसेल तर इक्विफॅक्सप्रमाणे चाळणी लावायची, काही सापडले नाही म्हणून समाधान मानायचे आणि चोराची वाट पाहायची.

हा प्रश्न आपल्या अंगणातला आहे

येथवरची उदाहरणे परदेशची म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये. ३१ जुलै २०२४ रोजी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीचा संबंध देयक-जाळ्यापासून तात्पुरता तोडला. त्या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा आघात झाला होता. सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक त्या काळात देयकसेवांपासून वंचित राहिल्याचे वृत्तसंस्थांनी म्हटले. एका खासगी सुरक्षा संस्थेच्या विश्लेषणानुसार शिरकाव मुख्य दारातून झालाच नाही. त्या व्यवस्थेशी जोडलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या ‘जेनकिन्स’ सर्व्हरमधून झाला. जेनकिन्समधील संबंधित दोषाची दुरुस्ती २४ जानेवारी २०२४ रोजीच प्रसिद्ध झाली होती. हे विश्लेषण ग्राह्य धरले तर मधल्या सहा महिन्यांचे उत्तर कोणी द्यायचे?

महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय जीवनात सहकारी बँकेचे स्थान वेगळे सांगायला नको. आजोबांच्या निवृत्तीची रक्कम, मुलीच्या शिक्षणाची ठेव, दुकानाचे चालू खाते एका विश्वासावर तिथे ठेवलेले असते. संचालक ओळखीचे असतात, व्यवस्थापक नावानिशी हाक मारतो. हा जिव्हाळा अमूल्य आहे. परंतु जिव्हाळ्याने सर्व्हरची फट बुजत नाही.

नियम नाहीत अशातला भाग नाही. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. पॅचची नोंद ठेवणे आणि त्यांवर देखरेख करणे तिच्यात अंतर्भूत आहे. केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या यंत्रणेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घटना घडल्यास सहा तासांत कळवण्याचे बंधन घातले. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न राखणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कागद भक्कम आहे. परंतु घटना घडल्यावर सहा तासांत कळवणे आणि गमावल्यावर दंड भरणे, हे दोन्ही ‘बैल गेला नि झोपा केला’ या म्हणीत बसतात. झोपा आधी लागला का, हे विचारणारा कोणी हवा. आणि तो केवळ दिल्लीत किंवा मुंबईतील नियामकाच्या कार्यालयात असून भागणार नाही.

सभासदांनी विचारावयाचे प्रश्न

प्रत्येक सहकारी बँकेची, पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होते. बहुतेक ठिकाणी ती लाभांशाची घोषणा, आभारप्रदर्शन आणि अल्पोपाहार यांतच आटोपते. त्या सभेत उभे राहून काही सरळ प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक भागधारकाला आहे आणि तो बजावणे हे कर्तव्यही आहे. संस्थेच्या यंत्रणेत कोणकोणते सॉफ्टवेअर आहे याची अद्ययावत यादी आहे काय? त्यातील कोणकोणते थेट इंटरनेटला जोडलेले आहे? गंभीर दोषाची सूचना आल्यापासून पॅच लागेपर्यंत गेल्या वर्षी किती दिवस लागले? हे काम ज्याच्याकडे आहे त्या एका अधिकाऱ्याचे नाव कोणते आणि त्याने केलेले काम पडताळणारा दुसरा कोण? ज्या बाहेरच्या कंपनीकडे यंत्रणा सोपवली आहे, तिच्या आणि तिच्याशी जोडलेल्या इतर कंपन्यांच्या करारात हेच बंधन लिहिलेले आहे काय? माहितीची स्वतंत्र प्रत घेतली जाते, तर ती शेवटची कधी परत उभी करून पाहिली?

या प्रश्नांना संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. इमारतीच्या लिफ्टची देखभाल झाली का, हे विचारण्यासाठी कोणी अभियंता व्हावे लागत नाही. ‘हा तांत्रिक विषय आहे’ हे उत्तर मिळाले तर समजावे की संचालकांनाही उत्तर ठाऊक नाही. शाळा, रुग्णालये, गृहनिर्माण संस्था, देवस्थानांचे न्यास, जिथे जिथे लोकांची माहिती साठवली जाते तिथे तिथे हेच प्रश्न लागू आहेत.

आणि या कामात शीर्षस्थांना दोन गोष्टी शिकाव्या लागतील. पहिली, रात्री दोन वाजता उठून पॅच लावणाऱ्या तंत्रज्ञाचे मोल. त्याचे काम यशस्वी झाले की काहीच घडत नाही. आणि काहीच घडले नाही म्हणून त्याला कोणी शाबासकी देत नाही. शाखा उघडणाऱ्याचा सत्कार होतो, कडी लावणाऱ्याचा होत नाही. दुसरी, दोष दाखवणाऱ्याशी कसे वागावे. एखादा तरुण अभ्यासक प्रामाणिकपणे कळवतो की तुमच्या संकेतस्थळाचे दार उघडे आहे. त्याचे आभार मानून दार लावायचे, की त्याला वकिलाची नोटीस धाडायची? नोटिशीने अभ्यासक गप्प बसेल. चोर गप्प बसणार नाही, कारण त्याने मुळात कळवलेलेच नसते.

हिरकणी गडावरून उतरल्याचे कळले तेव्हा तिला शिक्षा करून किल्लेदाराला प्रकरण मिटवता आले असते. कडा तसाच राहिला असता, दरवाजे रोज वेळेवर बंद होत राहिले असते आणि गड अभेद्य असल्याचा समजही कायम राहिला असता. बुरूज आज त्या टोकावर उभा आहे, तो समज बाजूला ठेवल्यामुळे. ज्या संस्थांच्या हाती समाजाने आपली ठेव विश्वासाने सोपवली आहे, त्यांच्या कड्यांवर किती बुरूज बांधायचे राहिले आहेत, हे येत्या सर्वसाधारण सभेत विचारले गेले पाहिजे. उत्तर ‘माहीत नाही’ असे आले, तर ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे आणि पुढच्या सभेपर्यंत थांबू नये.